काळी की लाल: जालना ते धावडा, दोन फटफट्या आणि सोमवारची हजेरी

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पोरगं मला दोन गाड्यांचे फोटो पाठवतं आणि विचारतं, "काका, लांबच्या प्रवासाला यातली कोणती घेऊ?" खाली इंजिन किती सीसीचं, टाकीत किती लिटर बसतं, सगळं लिहिलेलं असतं. मला त्यातलं निम्मं कळत नाही. पण दोन गाड्यांमध्ये अडकलेल्या माणसाचं दुःख बराबर कळतं, कारण सत्तरच्या दशकात मी स्वतः त्यात मानेपर्यंत रुतलो होतो. तेव्हाचा जालना ते धावडा आणि परत, असा दोन दिवसांचा प्रवास सांगतो. एका बाजूचं अंतर ऐंशीच्या वर किलोमीटर, आजची पोरं हसतील. रस्ता बघितला असता तर हसली नसती.

मी तेव्हा नवीन जालन्यात एका बँकेत कारकून होतो. माझी बायको कमल धावड्याची, भोकरदन तालुक्यातली. तिथल्या बौद्धवाड्यातली पहिली मॅट्रिक, वर डी.एड. तिला जालन्यापासून अठरा किलोमीटरवरच्या एका गावात मास्तरणीची ऑर्डर आली. सोमवारी हजर नाही झाली तर यादीतलं पुढचं नाव लागणार होतं. अडचण एकच, कमलला एसटी लागायची. लागायची म्हणजे अशी की गाडी स्टँडातून मागं घेतानाच हिचं डोकं खिडकीबाहेर. आदल्या वर्षी बदलीवरची नोकरी मिळाली होती, तेव्हा आठ दिवस ती शाळेत पोचून बाकावर आडवी पडायची. नवव्या दिवशी हेडमास्तरनं हात जोडले.

मग त्याच गावात राहायचं, असं तुम्ही म्हणाल. मी दोनदा खोली बघून आलो. आधी चहा मिळायचा, मग आडनाव विचारलं जायचं, आणि आडनाव सांगितलं की रिकामी खोली कालच भाड्यानं गेलेली निघायची.

ऑर्डर आली तेव्हा कमल माहेरी होती. मी निरोप धाडला, तर उलटा निरोप आला: एसटीत बसणार न्हाई, नोकरी गेली तर गेली. तेव्हा मी ठरवलं की मोटारसायकल घ्यायची. सकाळी तिला शाळेत सोडायचं, साडेदहाला बँक गाठायची, संध्याकाळी आणायला जायचं. खरं सांगून टाकतो, गाडी मला कधीची पाहिजे होती. अजिंठा, नागपूर, पार हैदराबादपर्यंत जायचे बेत मी बँकेच्या रद्दी कागदांवर आखून ठेवले होते. बायकोच्या ओकाऱ्यांनी मला फक्त सबब दिली.

स्टेशनाजवळ बशीर मिस्त्रीचं गॅरेज होतं. बशीर माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडं दोन जुन्या गाड्या विकायला आल्या होत्या. कंपन्यांची नावं घेणार नाही. दोन्हींचे भक्त अजून हयात आहेत आणि या वयात मला भांडणं झेपत नाहीत. एक होती काळी, फोर स्ट्रोक, म्हशीएवढी जड. तिचा आवाज ऐकला की छाती आपोआप पुढं यायची. दुसरी लाल, टू स्ट्रोक, बसकी, हलकी, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर आणि मागं निळा धूर. तिच्या पेट्रोलात ऑइल मोजून घालावं लागायचं. मी काळीच्या प्रेमात पडलो होतो. बशीर म्हणाला, "गाडी को देखने का न्हाई, चलाने का. दोन्ही घेऊन जाऊ धावड्याला. भाभी बसून बघतील. ज्यावर उलटी होणार न्हाई, ती तुझी."

शनिवारी रजा टाकून सकाळी सातला निघालो. दिवाळी होऊन गेली होती, थंडी कानात शिरत होती. मी काळीवर, बशीर लालवर. भोकरदनपर्यंत डांबरी रस्ता, खड्डे सोडले तर चांगला. म्हणजे खड्डे सोडून चालवायला जागा शोधावी लागायची, एवढंच. राजूरला गणपतीच्या पायथ्याशी भजी आणि चहा झाला, रुपयात दोघांचं पोट गार.

तिथं आम्ही गाड्या बदलल्या आणि घोटाळा झाला. काळीचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. लालचं बिलकुल उलटं. हे बशीरनं मला सांगितलं होतं, मी हौ म्हणालो होतो, आणि माझ्या पायांनी काहीच ऐकलं नव्हतं. भोकरदनच्या अलीकडं समोर मेंढ्या आल्या. मी जीव खाऊन ब्रेक दाबला, तो गिअर निघाला. लाल आणि मी ज्वारीत. कणसं माझ्या अंगावर, मालक बांधावर.

"आरं, रस्ता हिकडून हाय," तो शांतपणे म्हणाला.

"मेंढ्या आल्त्या," मी म्हणालो.

"त्या रस्त्यानंच गेल्या ना पर."

मी गाडी उचलली, आणि बशीरचं हसू थांबायला दहा मिनिटं गेली. भोकरदनला पेट्रोल भरून घेतलं, पुढं मिळायची खात्री नव्हती. तिथून मुरूम आणि धूळ. दुपारी धावड्यात शिरलो तेव्हा आमचे चेहरे सारखेच तांबडे झाले होते. पोरं मागं धावत आली, कुत्री पुढं.

माझे सासरे, म्हणजे कमलचे आप्पा, ज्यांना मी मामा म्हणतो, ओट्यावर बसले होते. जयभीम झाला, पाणी झालं. मामा पंचक्रोशीत बैलांचे पारखी. बाजारात जोडी घ्यायची तर लोक त्यांना सोबत न्यायचे. त्यांनी दोन्ही गाड्यांकडं बघितलं, बंडीची गुंडी लावली आणि उठले. मग त्यांनी मोटारसायकली तशाच बघितल्या जशा ते बैल बघतात. घाई न करता. आधी लांबून सरळ उभं राहून, मग वाकून, मग भोवती फेरी मारून. टायर अंगठ्यानं दाबला. सीटवर थाप मारली. हेडलाइटच्या आत डोकावले.

"वय काय?"

"काळी आठ वर्षांची, लाल पाच," बशीर म्हणाला.

"खोड?"

"काळी किक मारताना कधी उलटी मारते. लाल जास्ती गरम झाली की जरा रुसते."

मामांनी मान हलवली. बैलाची खोड आधी सांगणारा दलाल त्यांना जन्मात भेटला नव्हता, म्हणून बशीर त्यांना तिथंच आवडला. मग चाल बघणं आलं. मामा म्हणाले, ओझ्याबिगर चाल कळत न्हाई. ज्वारीचं एकेक पोतं मागं बांधून दोन्ही गाड्या पाझर तलावाच्या चढावर पिटाळल्या. अर्धं गाव बघायला. काळी गुरगुरत सरळ चढली. लाल नाचत नाचत चढली, पण आधी पोचली. मामांनी निकाल दिला, "काळा वावराचा हाय. लाल छकड्याचा. जवाईबापू, तुम्हाला वावर न्हाई."

मला राग आला. मी म्हणालो, "मामा, बसणारी कमल आहे. तिला विचारू."

कमल दारात उभी राहून सगळं बघत होती. ती पुढं आली, पदर खोचला आणि काळीवर माझ्यामागं एका बाजूनं बसली. मागं अंड्यांची टोपली ठेवल्यासारखी मी गाडी चालवली. पिंपळ गेला, शाळा गेली, मी मनात जिंकत आलो होतो. ओढ्याशी तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली. मी थांबवेपर्यंत व्हायचं ते झालं, माझ्या पाठीवर.

तासाभरानं लालवर बसली. ओढासुद्धा आला नाही, पिंपळालाच उतरली.

पिंपळाखाली ती तोंड धुऊन बसली आणि रडायला लागली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. "शिकून काय केलं मी?" ती म्हणाली. "आप्पांनी एकेक गाय विकून शिकवलं. आन मी अठरा किलोमीटर जाऊ शकत न्हाई. तुम्ही सोमवारी एकटे जा आन सांगून या, बाई येत न्हाई म्हणून." मी तिच्याजवळ बसलो. मला लाज वाटत होती, कारण थोड्या वेळापूर्वीपर्यंत मी काळीचाच विचार करून राह्यलो होतो.

रात्री जेवण कुणालाच गोड लागलं नाही.

रविवारी सकाळी चुलीपाशी चहा चालला होता. बशीर म्हणाला, तिसरी एक स्कूटर आहे बघण्यातली. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "काय बी आणा. ही लहानपणी छकड्यातबी ओकायची. एकदा बाजाराला जाताना, शेजारणीच्या लुगड्यावर. निस्ता कासरा हातात दिला की गप बसायची. भोकरदनपस्तोर बैलं हाकीत न्यायची, काई व्हायचं न्हाई."

 मामांनी बशीतला चहा संपवला आणि बशी खाली ठेवली. "मंग कासरा द्या की तिच्या हातात," ते म्हणाले.

मी हसलो. हसणारा मी एकटाच होतो. मी सांगायला लागलो की हे बैल नव्हेत, बाईमाणूस, मुरमाचा रस्ता, लोक काय म्हणतील. कमल म्हणाली, "डी.एड.ला मी दोन वर्षं सायकल चालवली, अहो." आणि आत गेली. बाहेर आली ती आईचं लुगडं नेसून, काष्टा मारून. पाचवारीत टांग टाकून बसता येत नाही, हे आम्हा दोन शहाण्यांच्या डोक्यात आलंच नसतं.

खळ्यावर शिकवणी सुरू झाली. बशीर मास्तर. मी काळी पुढं केली, म्हटलं, बघू तर. किकनं तिला उलटा झटका दिला आणि सीटवर बसल्यावर तिचे पाय हवेत राहिले. मग ती लालवर बसली. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. तिनं खाली पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं. पहिल्या फेरीत बंद पडली. दुसऱ्या फेरीत कडब्याच्या गंजीत घुसली आणि आतून म्हणाली, "मला काई झालं न्हाई, गाडी बघा." तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या फेरीला बशीर नुसता उभा राहून विडी ओढत होता. दुपारी ती ओढ्यापर्यंत गेली, ओढा ओलांडून पलीकडं गेली, आणि बराच वेळ दिसली नाही. आली तेव्हा चेहरा धुळीनं भरलेला.

"पोटात?" मी विचारलं.

"पोट विसरलेच मी," ती म्हणाली.

परत येताना मुरमाच्या रस्त्यापुरती लाल माझ्याकडं, कमल मागं, आणि तिच्यासाठी तीनदा थांबावं लागलं. भोकरदनपासून तिनं हँडल घेतलं, मी मागं. बशीर काळीवर. मागं बसायचं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. समोरचं काही दिसत नाही, वळण अचानक येतं आणि पोट मागं राहतं. राजूरला चहाच्या टपरीसमोर ती हळू झाली तेव्हा दोन बाप्यांचं बोलणं माझ्या कानावर आलं.

"बाई चालवून राह्यली का रं?"

"हौ."

"मंग मागचा कोण?"

"आसंल एखादा पेशंट. दवाखान्यात नेत आसतील."

जालन्यात पोचल्यावर बशीरनं लालचा व्यवहार पक्का केला. काळी पुढच्या आठवड्यात एका ठेकेदारानं नेली. मी तिला शेवटचं पुसून दिलं, आणि हे लिहिताना सुद्धा जरा हुरहूर वाटते. नागपूरला मी नंतर गेलो, पण रेल्वेनं. लायसनचं कुणी विचारू नका. ते महिनाभरानं निघालं, तोवर मी देवाला नाही पण आरटीओला रोज घाबरत होतो.

सोमवारी मी सोबत येतो म्हणालो. कमल म्हणाली, "तुम्ही मागं बसलात की गाडी डुलती." शेवटी बशीर शंभर पावलं मागं राहून काळीवरून गेला. दुपारी तो बँकेत आला, कॅश खिडकीत डोकं घालून म्हणाला, "पोचल्या. सही केली. हेडमास्तर सायलेन्सरला हात लावून भाजून घेतला." माझी बेरीज तिथं चुकली ती दिवसभर जुळली नाही.

संध्याकाळी सहाला मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. लालचा आवाज आधी आला, मग धूर, मग कमल. स्टँड लावला, हातातली पिशवी मला दिली. एसटीतून उतरल्यावर ती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा घ्यायची नाही. मी त्याच हिशेबानं अंथरूण घालून ठेवलं होतं, लिंबू कापून ठेवलं होतं. चूल पेटवली नव्हती.

ती आत गेली, अंथरूण बघितलं, गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, "भूक लागली. काय केलं जेवायला?"