दुरुस्तीची वजावट

भाड्याने दिलेल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबा ओट्याशी वाकून नळाचा वॉशर बदलत होते. भाडेकरू बाई संकोचून म्हणाल्या, "काका, प्लंबरला बोलावलं असतं की."

भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी तीस टक्के वजावट मिळते, खर्च करा अगर नका करू, असं सीएंनी बाबांना एकदा सांगितलं होतं. शेवटचं तेवढं बाबांना पटलं नाही. "दुरुस्तीच्या नावाने सूट घ्यायची आणि दुरुस्ती करायची नाही?" तेव्हापासून रिटर्न भरला की रविवारी ते पाने-पकडीची पिशवी घेऊन इथे येतात. करकायद्यावर इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या घरचा नळ मात्र वर्षभर गळतोय. आईने विषय काढला की बाबा शांतपणे सांगतात, "राहत्या घराला ती वजावट नाही."