आधी फोटो, मग माणूस

"हा कर."

शेठ मला म्हणाले. माइक त्यांच्या हातात होता, म्हणून ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

मी स्टेजवर उभा. गळ्यात झेंडूचा हार, खांद्यावर शाल, हातात नारळ. समोर जालन्यातली मोठी माणसं. डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब, त्यांच्या बायका. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

"अरे, हा कर ना. तोंड उघड. लोकांना कळू दे."

लोक हसले. दुष्टपणानं नाही हसले. लग्नात नवरदेवाला नाव घ्यायला लावल्यावर हसतात तसं हसले. मी तोंड उघडलं. शेठ वाकले, नाकावरचा रुमाल जरा बाजूला केला आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. मग माइकवर म्हणाले, "बिलकुल साफ!"

टाळ्या.

माझ्या मागं पडद्यावर माझा फोटो होता. नालीत पडलेला मी. पँट ओली. तोंडावर माश्या. एका पायात चप्पल, एका पायात नाही. खाली लिहिलेलं, 'काल'. शेजारी दुसरा फोटो, इस्त्रीच्या शर्टातला. खाली 'आज'. तो शर्ट व्यसनमुक्ती केंद्राचा होता. कार्यक्रम झाल्यावर परत द्यायचा होता.

मी हसत होतो. हे मला नंतर व्हिडिओत दिसलं. तोंडाचा वास घेऊ देताना मी हसत होतो.

मी आठवीतून शाळा सोडलेली. गाव इथून पार लांब, किनवटच्या पुढं. एका ठेकेदाराबरोबर जालन्याला आलो आणि एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये लागलो. लालभडक सळई चिमट्यानं धरायची आणि पुढच्या रोलमध्ये घालायची. अंगातलं सगळं पाणी निघून जायचं. पाळी सुटली की मुकादम गेटजवळच्या खोलीत बोलवायचा आणि प्रत्येकाच्या हातात दारूचा एक पव्वा द्यायचा.

"घे रे. अंग मोकळं व्हतं. उद्या येशील का न्हाई?"

फुकट मिळतोय असं वाटायचं. जो घ्यायचा नाही, त्याला दुसऱ्या दिवशी भट्टीच्या तोंडाशी उभं करायचे. न घेणारा माणूस मुकादमाला आवडत नव्हता. तो वेळेवर घरी जातो, हिशेबाचं विचारतो, दुसरीकडं काम बघतो. पिणारा कुठं जात नाही. हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं पव्व्यानं भागेना. मग कामही गेलं, खोलीही गेली, राहिली फक्त नाली.

मिल त्याच शेठची. ज्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला त्यांची. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखणार कसं? भट्टीकडं ते कधी आलेच नव्हते.

मला नालीतून काढलं ते व्यसनमुक्ती केंद्राच्या सरांनी. सर कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. गावाबाहेर त्यांचं केंद्र. खरं तेच सांगतो, सर नसते तर मी मेलो असतो. अंगाला थरथर सुटली, भिंतीवरून किडे चालताना दिसायला लागले, तेव्हा सरांनी स्वतःच्या हातानं मला साखरपाणी पाजलं. माझ्या बापानं कधी पाजलं नाही. बरा झाल्यावर मी केंद्रातच भांडी घासायला, पेशंटजवळ बसायला राहिलो. मग सरांनी मला जाफराबादच्या एका उस्तादाकडं मोटारी भरायला शिकायला धाडलं. शेतातली पाण्याची मोटार जळते, तिची जुनी तार उपसून नवी तांब्याची तार भरायची, ते काम. आठवड्यातले काही दिवस जाफराबादला, बाकीचे केंद्रात.

दारू सुटल्यावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. सगळे म्हणतात, सोड. सोडली. मग दिवस कलला की हात रिकामे. छातीत काहीतरी वळवळतं. त्या वेळेला मला तारेनं धरून ठेवलं. वेढे मोजताना दुसरा विचार आला की मोजणी चुकते, मोटार पुन्हा जळते. म्हणून विचारच येऊ द्यायचा नाही. मोजत राहायचं. मान वर केली की अंधार पडलेला, आणि ती वेळ निघून गेलेली. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं. आपलं दुकान. त्यात माझ्यासारखीच दोन माणसं, ज्यांना संध्याकाळ जड जाते.

सर म्हणाले, "जाफराबादला स्टँडजवळ माझा गाळा आहे. नीट राहिलास तर तो तुला देतो."

नीट राहायचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

मुकादमाच्या पव्व्याची गोष्ट मी सरांना सांगितली होती, केंद्रात होतो तेव्हाच. सरांनी उठून खोलीचं दार लोटलं. मग म्हणाले, "हे बाहेर बोलायचं नाही. आपल्या शेडचे पत्रे शेठजींनीच दिलेत." तेव्हापासून पावसात पत्रे वाजले की मला झोप यायची नाही.

कार्यक्रमानंतर काही दिवसांत आईचा फोन आला. आईला मी फक्त एवढंच सांगितलं होतं की आजारी होतो, आता बरा आहे. आई म्हणाली, "सरपंचाच्या पोरानं मला मोबाईल दाखवला. तो नालीतला तूच हायस का रे बापू?"

मी म्हणालो, "न्हाई गं. दुसरा कुणीतरी हाये. दिसतो माझ्यासारखा."

आई म्हणाली, "मी तुला जन्म देल्ता. पाय वळखीत न्हाई का मी तुझा?"

फोन चालू होता. मला तिची कोंबडी ऐकू येत होती.

त्या दिवसापासून मला एकच शंका. तो फोटो काढला कुणी? मी नालीत पडलो होतो तेव्हा तिथं कुणीतरी आलं होतं. त्यानं मला बघितलं. आणि मला उचलायच्या आधी मोबाईल उचलला.

मग मी सगळ्यांकडंच तसं बघायला लागलो. कुणी चहा पाजला तर वाटायचं, हा काय मागणार? कुणी खांद्यावर हात ठेवला तर वाटायचं, वास घेतोय. लोक माझ्याशी बोलताना अर्धं पाऊल पुढं येतात. तुम्ही बघा कधी, दारू सुटलेल्या माणसाशी बोलताना तुम्हीही येता. मी बोलायच्या आधी तळहातावर श्वास सोडून स्वतःचाच वास घ्यायचो. न पिता.

एका सकाळी सरांनी मला केंद्राच्या गाडीबरोबर धावड्याला पाठवलं. गजानन नावाचा माणूस आणायचा होता. घरची शेती, भाऊ चांगले, पण हा मिलमध्ये गेला आणि पिऊन परत आला. त्याच्या बायकोनं, मंदाताईनं, फोन केला होता. गाडीवर अंबादास ड्रायव्हर.

गजानन शाळेच्या मागं हापशाजवळ पडलेला. कपडे घाणीनं भरलेले. मंदाताई त्याच्या पायाशी उभी. शाळेत पोरं यायला लागली होती.

अंबादास म्हणाला, "काढ जल्दी."

"काय?"

"फोटो, लेका. आधी फोटो, मंग माणूस. सरांचा नेम हाये. धुऊन पुसून काढला तर कोण देणगी देईन?"

मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो हसला. "अस्सं काय बघून राह्यला? तुझाबी मीच काढल्ता. दोनदा काढावा लागला. पहिला हलला."

मला राग आला नाही. खरंच नाही आला. आणि लाज वाटते सांगायला, पण माझा हात खिशात गेला. मोबाईल बाहेर आला. गाळा दिसला मला डोळ्यांपुढं. शटर दिसलं. शटरवरचं नाव दिसलं.

तेवढ्यात मंदाताई मधी आली. तिनं पदर सोडला आणि गजाननच्या ओल्या विजारीवर टाकला. माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊ, मोबाईल कशाला काढला वो?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती फक्त विचारत होती. शाळेच्या भिंतीपाशी एक पोरगी उभी होती, दोन वेण्या, दप्तर छातीशी धरलेलं. ती जवळही येत नव्हती, जातही नव्हती. कुणाची पोरगी ते सांगायची गरज नव्हती.

तुमच्या नवऱ्याला वाचवायला काढला, असं सांगणार?

मी मोबाईल खिशात घातला. म्हणालो, "अंबादास, पाय धर."

"फोटो?"

"न्हाई काढणार. अन् तूबी न्हाई काढायचा. पाय धर."

"माझी नोकरी घालवतो का तू?"

"मंग मी एकटा उचलतो."

मी काखेत हात घातले. गजानन जड होता, घसरला. मंदाताईनंच दुसरी बाजू धरली. शेवटी अंबादासनं शिव्या देत पाय धरले. गाडीत घातल्यावर गजाननचे डोळे उघडले. त्यानं माझं मनगट धरलं ते केंद्र येईपर्यंत सोडलं नाही. ती पकड मला माहीत होती. बुडणारा माणूस असा धरतो. मी पण कुणाचं तरी मनगट असं धरलं असंल, फोटो काढून झाल्यावर.

सरांनी गजाननला घेतलं. घेणार नाहीत अशी मला भीती होती, पण घेतलं. मग मला खोलीत बोलावलं. मी उभा राहिलो. त्यांच्यासमोर मी कधी बसलो नाही.

"फोटो का नाही काढलास?"

"त्याची पोरगी तिथं व्हती, सर."

"असे फोटो बघूनच लोक मदत करतात. त्या मदतीवर तू जेवलास. तुला आणलं तेव्हा कुठं होता रे हा स्वाभिमान?"

"नालीत व्हता, सर. माझ्याबरोबरच. तुमी फोटोत घेतला न्हाई."

हे मी बोललो. कसं बोललो ते मला माहीत नाही. सर खुर्चीतून उठले.

"एक दिवस पुन्हा पिऊन इथंच येशील. बेवड्याला उपकार कळत नाहीत."

मी म्हणालो, "उपकार कळत्यात. तुमचे उपकार मरेपर्यंत मानीन. पण मी कुणाचा फोटो काढणार न्हाई अन् स्टेजवर परत येणार न्हाई."

"मग गाळ्याचं विसर."

मी विसरलो नाही. अजून स्टँडवरून जाताना त्या शटरकडं नजर जाते. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. पण मागायला गेलो नाही.

उस्तादानं त्याच्या शेडमधला एक कोपरा मला दिला. का दिला? मी अजून तपासतोय. महिने झाले तरी त्यानं काही मागितलं नाही, तरी मी तपासतोय. लोक जळक्या मोटारी आणतात. काही जण मोटार ठेवायच्या आधी अर्धं पाऊल पुढं येतात. येऊ द्या. मी तळहातावर श्वास सोडणं बंद केलं.

गजानन केंद्रातून सुटला तो सरळ माझ्याकडं आला. सरांनी त्यालाही कार्यक्रमाला बोलावलं होतं, तो गेला नाही. दिवस कलायला लागला की तो धावड्याहून जीपनं येतो. मी वेढे घालतो, तो तार ताणून धरतो. त्याचा हात अजून कापतो, तार सैल पडते, मी ओरडतो.

"अय, अंगात जीव हाये का न्हाई? धर बराबर!"

तो म्हणतो, "तुझा हात काय पह्यल्या दिवशी देवाचा व्हता का?"

त्याचा माझ्यावर पूर्ण भरोसा नाही. माझा त्याच्यावर नाही. तो उशिरा आला की मी त्याच्या डोळ्यांत बघतो. मी लवकर शेड बंद केली की तो विचारतो, कुठं चालला? आम्ही दोघं एकमेकांचे पहारेकरी. तसंच पाहिजे. आणखी दोघं येतात आता, एक जाफराबादचाच, एक जीपवरचा क्लीनर. त्यांना मी विचारत नाही, किती पीत होतास, कुठं पडला होतास. ज्याला सांगायचं तो सांगतो. नसेल सांगायचं तर तार धर.

एकदा तार धरल्या धरल्या गजानन म्हणाला, "मला मुकादमानंच लावली. गेटजवळच्या खोलीत."

माझी मोजणी चुकली. सगळी तार उपसली.

शेठचा मुकादम अजून वाटतो. पाळी सुटल्यावर, पगाराच्या दिवशी तर जास्त. आणि शेठ स्टेजवर वास घेतात. एका हातानं पाजायचं, दुसऱ्या हातानं शाल घालायची, मधी आम्ही.

मागच्या पगाराला मी एसटीनं जालन्याला गेलो. मिलच्या गेटसमोर उभा राहिलो. पोरं बाहेर यायला लागली तेव्हा म्हणालो, त्या खोलीत जाऊ नका, मी त्याच खोलीतून नालीत गेलतो. वॉचमननं मला ढकललं. "हट बे बेवड्या." मुकादमानं ओळखलं. म्हणाला, "परत पिऊन आला का रे?" सगळे हसले. एक जण हसला नाही. तो खोलीत न जाता सरळ सायकलवर बसला. त्याचं नाव मला माहीत नाही.

या पगाराला मी पुन्हा जाणार आहे. गजाननला अजून गेटची भीती वाटते, त्याला नेणार नाही. भीती मलाही वाटते. तरी मी तिथं उभा राहून मोठ्यानं सांगणार, हा पव्वा कोण वाटतं आणि कुणाच्या मिलमध्ये वाटतं. शेठ गाडीतून आले तर त्यांच्या काचेवर टकटक करून सांगणार. मारतील तर मारतील. पुढच्या पगाराला पुन्हा जाणार.