चिंध्यांचा कंदील

सरलाबाईशी माझं पटत नव्हतं असं कुणी सांगितलं तर खुशाल ऐकून घ्या, ते खरंच आहे. बाई बोलायला लागली की समोरच्यानं नुसती मान हलवायची. "आक्का, सुरतेत माझ्यासारखा कंदील करणारा माणूस आणून दाखव, मी त्याच्या घरी पाणी भरेन," हे तिचं दर दिवाळीचं बोलणं. मी म्हणायची, "अगं, सुरतेत कंदील करतंय कोण? इथले लोक रांगोळी काढतात, दिवे लावतात अन् फटाके उडवतात. वासरांत लंगडी गाय शहाणी!" त्यावर ती इतकी हसायची की हातातली कात्री खाली ठेवावी लागायची.

मी धुरपदाबाई. सुरतेत बमरोलीला आमच्या खोल्या लागून होत्या, मधे एकच भिंत, अन् तीही नावाला. तिचा नवरा भाईदास डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होता. मिलमध्ये त्या दिवशी कोणता रंग चालला ते त्याच्या नखांवरून कळायचं. सरला घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायची. ते काम आम्ही सगळ्याच बाया करायचो. साड्यांचे गठ्ठे यायचे, धागे कापायचे, घडी घालून परत पाठवायचे. आम्ही कापलेले धागे केरात टाकायचो, ही बाई ते डब्यात भरून ठेवायची. छपाईत बिघडलेल्या कापडाच्या पट्ट्या, जरीच्या काठांचे तुकडे, लेस, कुणाच्या फाटक्या ओढणीवरच्या टिकल्या, सगळं तिच्या खाटेखाली. भाईदास एकदा वैतागून म्हणाला, "या घरात आपण राहतो का चिंध्या?" ती म्हणाली, "चिंध्या राहतात. तुम्ही पाहुणे."

तिचा पहिला कंदील मला चांगला आठवतो, कारण त्याची फजिती आख्ख्या चाळीनं पाहिली. सहा बाजूंचा, गुलाबी जॉर्जेटचा, खाली जरीच्या झिरमिळ्या. अन् आत लावला शंभरचा बल्ब! घटकाभरात कापड वितळून असं मोठं भोक पडलं. पोरं टाळ्या पिटून हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू? सरलानं कंदील उतरवला, भोकातून हात घालून पाहिला अन् म्हणाली, "याचं पोट लहान झालं." दुसऱ्या वर्षी पोट मोठं केलं, बल्ब बारका घेतला, अन् कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला. त्यानंतर तिनं मागं वळून पाहिलं नाही. बांबूच्या कामट्या भिजवून वाकवायची, सांधे लूमच्या धाग्यानं बांधायची, मैद्याची खळ शिजवून त्यात चिमूटभर मोरचूद घालायची, नाहीतर उंदीर खळीसकट कंदील फस्त करतात. डब्यातल्या धाग्यांचे ती कंगव्यानं विंचरून गोंडे करायची. दिवाळी आली की ओळीतल्या प्रत्येक दारावर तिचा कंदील लागायचा. विकला एकही नाही, सगळे भेट. चाळमालकाची बायको सुद्धा शेवटी दारात येऊन म्हणाली, "सरलाबेन, अमने पण एक बनावी आपो ने!" म्हणजे आम्हालाही एक करून द्या ना. त्या दिवशी सरला जी फुगली, ती पाडव्यापर्यंत उतरली नाही.

तर अशी ती बाई. तिला एकच लेक, सोनाली. चौऱ्याण्णव साली वैशाखात तिचं लग्न केलं. दोंडाईचाला दिली. जावई धर्मेंद्र एसटीत कंडक्टर, मुलगा सरळ, हसतमुख. लग्नाची हळद वाळली नाही तोच सरलानं दिवाळसणाची तयारी धरली. लेक-जावयाची पहिली दिवाळी सासुरवाडीला, म्हणजे बमरोलीच्या या खोलीत होणार. त्यासाठी तिनं जो कंदील करायला घेतला, त्याच्यापुढे आधीचे सगळे फिके. बाराही बाजू वेगवेगळ्या छापाच्या, मोर, कुयरी, वेल, अन् प्रत्येक जोडाला बारीक जरीची पट्टी. शिवाय तो मिटायचा! सांधे असे बांधले होते की कामट्या दुमडून त्याची घडी होऊन पिशवीत मावायची. "जावई परत जाताना संगती नेतील," ती म्हणाली. दाराला तोरण, जावयाच्या पाटावर घालायला चिंध्यांची बैठक, सोनालीला जरीच्या तुकड्यांची चंची. मी म्हटलं, "बाई, जावई येतोय का इंद्रदेव?" म्हणाली, "इंद्रदेवाला एवढं कोण करतं?"

अन् गणपती उठले तसा सुरतेत प्लेग आला.

ते दिवस काय सांगू! रात्रीत चाळ ओस पडली. गाड्यांच्या टपावर बसून माणसं धुळ्या-नंदुरबारकडे पळाली. मिल बंद, बाजार बंद. आम्ही दोन घरं मागं राहिलो. मला जायला कुणी नव्हतं, अन् सरला जायला तयार नव्हती. "गावाला जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? तिथं काय आपल्यासाठी पायघड्या घातल्यात?" तिनं दवाखान्यातून सगळ्यांसाठी गोळ्या आणल्या, समोर बसून गिळायला लावल्या, अन् उरल्या चिंध्यांची तोंडाला बांधायची फडकी शिवली. भाईदासच्या फडक्यावर गुलाबाची फुलं आली. तो म्हणाला, "मी हे बांधणार नाही." तिनंच त्याच्या तोंडाला बांधलं. एवढ्या भीतीतही मला हसू आवरेना.

देवाच्या दयेनं आम्हाला काही झालं नाही. साथ ओसरली, सरकारनंही तसं जाहीर केलं, गल्लीगल्लीत औषधाची पांढरी पावडर पडली, अन् दसऱ्यानंतर एकेक खोली पुन्हा उघडायला लागली. आमच्या ओळीतला निंबा दोंडाईचाकडून परत आला तो सरलाच्या विहिणीचा निरोप घेऊन. विहीण पुष्पाबाई. निंबानं मान खाली घालून सांगितलं, "वहिनी, त्या म्हणतात, औंदा दिवाळसण राहू द्या. सोनालीला सुरतेला धाडणार नाही. अन् तुम्हीही तिकडे येऊ नका. त्यांची लेक बाळंतपणाला आलीय, घरात तान्हं बाळ आहे."

सरलानं त्याला चहा दिला. तो गेल्यावर ती दारातच बसली. लग्नानंतर पोर एकदाच, श्रावणात, येऊन गेली होती. त्यानंतर हे सगळं घडलं, अन् मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाली, "आक्का, पहिली दिवाळी एकदाच येते. पुढच्या वर्षी हजार दिवे लावले तरी ती दुसरीच असते." मला तर पोटच्या पोराचं सुखही नाही. मी उठून तिची चूल पेटवली.

दिवाळीच्या तोंडावर सकाळीच भिंतीवर थाप. "आक्का, कपडे बांध. आपण दोंडाईचाला जायचंय."

"अगं, नको म्हणाल्यात ना त्या!"

"सोनालीला धाडणार नाही म्हणाल्या तर ठीक, पोर त्यांची. मला नको येऊ म्हणाल्या, ते मी ऐकलंच नाही असं धर." भाईदासची मिल नुकती सुरू झाली होती, त्याला सुट्टी नव्हती. तो मला म्हणाला, "आक्का, तू जा हिच्यासंगती. भांडण झालं तर तू कुणाला हार जात नाहीस." बघा, म्हणजे मी भांडायला!

रात्री उधन्याच्या स्टेशनावरून आम्ही भुसावळकडची पॅसेंजर धरली. गाडीला ही गर्दी. समोरच्या माणसानं विचारलं, "कुठून येता, बाई?" मी शहाणपणानं म्हणणार होते नवापूर, तोच सरला खणखणीत आवाजात म्हणाली, "सुरत!" अन् काय सांगू, आमच्या बाजूचं बाक रिकामं झालं. लोक दारात जाऊन लटकले. सरलानं पिशवी उशाला घेतली अन् पाय पसरले. "आक्का, तूही पड," म्हणाली. आम्ही दोघी राणीसारख्या झोपून गेलो.

दोंडाईचाला उतरलो तेव्हा उजाडलं नव्हतं. नरकचतुर्दशी होती. घरोघरी पाणी तापत होतं, गल्लीत चुलाण्यांचा धूर, पोरं पेंगत अंगणात बसलेली. पुष्पाबाईंचं दार उघडंच होतं. अंगणात चुलाणं पेटलेलं. त्यांनी आम्हाला पाहिलं अन् पदर तोंडाला लावला.

"तिथंच थांबा!"

त्यांच्या मागून सोनाली आली. "आई!" म्हणून ओरडली अन् धावणार, तोच सासूनं दारात हात आडवा धरला. पुष्पाबाई म्हणाल्या, "राग मानू नका, विहीणबाई. आत बाळ आहे. अंगणात आडोसा करते, आधी आंघोळ करा, अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात टाका, मग घरात या. अन् ते बोचकं बाहेरच राहू द्या."

माझं डोकं फिरलं. विहिणीला उंबऱ्याबाहेर उभी करून आंघोळ? ही काय रीत झाली? मी म्हटलं, "चल गं सरले! पुढची गाडी गाठू. अशा दारात थुंकूही नये!"

सरला हलली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली. अन् आवाज असा काढला, जसं काही ती याच कामाला आली होती. "अहो विहीणबाई, आज दिवस कोणता? पहिली आंघोळ! आज दारात आलेल्याला आंघोळ घातली तर तो मान असतो. मी कशाला राग मानू? पाट मांडा. तेल आणा, उटणं आणा. नुसत्या पाण्यावर भागायचं नाही. अन् बोचक्यात कंदील आहे. कंदील काय कुणी घरात लावतं का? तो बाहेरचाच."

आत धर्मेंद्र फसकन हसला, अन् आईनं डोळे वटारायच्या आत वायर अन् बल्ब घेऊन बाहेर आला. "जावईबापू, बल्ब बारका लावा," सरलानं सांगितलं. तिनं अंगणातच उकिडवं बसून कंदील उघडला, एकेक सांधा ताठ केला, गोंडे झटकले. धर्मेंद्रनं स्टुलावर चढून तो छपराच्या वाशाला टांगला अन् बटण दाबलं. अंगणभर मोर अन् वेली पडल्या. चुलाण्यावर, पाण्याच्या हंड्यावर, पुष्पाबाईंच्या पांढऱ्या साडीवर. शेजारचे लोक कुंपणाशी आले. आलेलं कुणी परत गेलं नाही.

पुष्पाबाईंनी खाट उभी करून तिच्यावर चादर टाकली, मागं पाट मांडला. सरला जाऊन बसली. सोनाली तेलाची वाटी घेऊन निघाली तसं सासू म्हणाली, "लांबूनच दे गं."

"आत्याबाई, लांबून तेल लागत नाही," सोनाली म्हणाली अन् आडोशामागं गेली. मी पण मागोमाग गेले, मला कोण अडवणार?

पोर आईच्या पाठीमागं बसली अन् तेल चोळायला लागली. सरला म्हणाली, "उलटंच झालं गं हे. आईनं लेकीला लावायचं असतं." सोनाली आपली चोळतेय, चोळतेय, तेल संपलं तरी चोळतेय. मग तिनं आईच्या पाठीवर डोकं टेकलं अन् हुंदका फुटला.

"मला वाटलं, तू मेलीस."

"अगं, वेडी का काय तू? मी बघ कशी..."

"रोज लोक सांगायचे, सुरतेत माणसं मरताहेत. निंबाकाका म्हणाले तू बरी आहेस, पण मला वाटलं, माझी समजूत घालतात. मला वाटलं तू गेलीस, अन् मला कुणी सांगत नाहीये. म्हणून मला सुरतेला धाडत नाहीत."

सरलानं मागं हात नेऊन लेकीचं डोकं घट्ट धरलं. मी पदर डोळ्याला लावला. माझ्या मागं कुणी तरी श्वास ओढला. वळून पाहिलं तर पुष्पाबाई, कढत पाण्याची बादली अन् उटण्याची पुडी घेऊन उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तोंडावरचा पदर कधीच खाली आला होता.

"हे मला का नाही बोललीस गं पोरी?" त्या सोनालीला म्हणाल्या. मग बादली खाली ठेवली, साडीचा काठ वर खोचला अन् विहिणीच्या पाटाशी बसल्या. सोनालीच्या हातातली वाटी घेऊन त्यांनी उटणं कालवलं, सरलाच्या दंडाला लावलं, खांद्याला लावलं, मग तांब्या भरून तिच्या डोक्यावर धरला.

"पाणी कढत तर नाही ना, विहीणबाई?"

"नाही," सरला म्हणाली. "घाला आणखी."