हमीद साहेबांचं पाणी

माझ्याकडे सगळ्याची नोंद असते. गॅसचा सिलिंडर कधी लावला, विम्याची पावती कुठल्या फायलीत आहे, लोणच्याच्या कुठल्या बरणीत यंदाचं आणि कुठल्या बरणीत गेल्या वर्षीचं — विचारा, सांगते. या एका गोष्टीची मात्र मी कुठेच नोंद ठेवलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे आणि ती नीट क्रमाने सांगता येईल असं वाटत नाही. क्रम लावणं हा माझा पेशा — तरीसुद्धा.

आधी जागा सांगते. ते सोपं आहे.

हैदराबादेतल्या एका संशोधन संस्थेत मी कॉम्प्युटर विभागात होते. संस्थेचं नाव राहू द्या. शास्त्रज्ञ गावोगाव फिरून मोजमापं आणायचे, ती यंत्रात भरली जायची आणि मोठाल्या चुंबकीय टेपांवर साठवली जायची. त्या टेपा सांभाळणं हे माझं काम. सकाळी अंबरपेठहून बसने यायचं, चपला बाहेर काढायच्या — थंड खोलीत धूळ चालत नसे — आणि कपाट उघडायचं.

टेपेच्या मागच्या बाजूला खोबणीत प्लास्टिकची एक पिवळी रिंग बसते. रिंग असेल तरच यंत्र त्या टेपेवर लिहू शकतं. काढून घेतली की टेप नुसती वाचता येते, आतलं काही पुसलं जात नाही. म्हणून आमची रीत अशी की माहिती भरून झाली की रिंग काढायची आणि खिळ्यावर अडकवायची. जामबागेतल्या आमच्या शाळेबाहेर एक बांगडीवाली बसायची, तिच्या दांड्यासारखा दिसायचा तो खिळा. जुनी टेप परत वापरायची असेल तर आधी तिची प्रत काढायची, प्रत यंत्रावर उघडून वाचून पाहायची, आणि मगच रिंग लावायची. हा नियम माझा. कपाटाच्या दारावर मी तो रंगाने लिहून घेतला होता — 'प्रत वाचून पाहिल्याशिवाय रिंग लावू नये.' येणारे-जाणारे हसायचे. मला अभिमान होता.

आता हमीद साहेब.

ते भूजलाचे अभ्यासक. माझ्याहून बरेच मोठे, उंच, किंचित वाकलेले. नलगोंड्याकडच्या गावांतल्या विहिरी आणि बोअरवेल ते वर्षानुवर्षं मोजत होते. दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यानंतर पाणी किती खाली गेलं, त्यात फ्लोराइड किती. तिकडच्या पोरांचे दात तपकिरी असतात, काहींचे पाय धनुष्यासारखे वाकलेले — तुम्ही पाहिले असतील. साहेब त्या मोजमापांना डेटा कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, पाणी.

"बाई, मेरा पानी सँभाल के रक्खो," टेप माझ्या हातात देताना ते म्हणायचे. "गिराओ नक्को."

"माझ्या कपाटातून थेंब सांडत नाही, साहेब," मी म्हणायची.

नव्वदीतली ती वर्षं आठवतात? सगळीकडे 'नवीन' हा शब्द. नवीन धोरण, नवीन कंपन्या, रस्त्यावर नवीन गाड्या. आमच्याकडे नवीन म्हणजे पीसी आले. खोलीभर पसरलेलं जुनं यंत्र जाणार, त्या जागी प्लायवुडची पार्टिशन टाकून नवा विभाग होणार आणि त्याची प्रमुख बहुतेक मी होणार — असं बोललं जात होतं. यंत्र उचललं जाण्याआधी सगळ्या टेपांवरची माहिती फ्लॉप्यांवर उतरवायची होती. मी यादी केली. एकेक नाव, समोर चौकोन. उतरवून, वाचून झालं की चौकोनात खूण.

त्या आठवड्यात हिशेब विभागाचे राव दारात येऊन उभे राहिले. पगाराचं काम अजून जुन्याच यंत्रावर चालायचं, त्यासाठी एक मोकळी टेप हवी होती. कोऱ्या टेपा संपलेल्या. जाणाऱ्या यंत्रासाठी नव्या कोण मागवणार?

"मॅडम, दशहरे के पहले पगार नहीं हुआ तो पूरा ऑफिस आपके घर खाने को आता," राव म्हणाले. "पुलिहोरा बना के रखो."

मी हसले. समोर हमीद साहेबांची टेप होती. फ्लॉपीवर तिचं नाव उमटलेलं मी स्क्रीनवर पाहिलं होतं आणि चौकोनात खूणही करून टाकली होती. फ्लॉपी उघडून वाचली नव्हती. का नाही वाचली? वेळ होता. अर्धा तास पुरला असता. — मला यादीवर खुणा करायला आवडतं, एवढंच. भरत आलेली यादी पाहिली की मला पुढच्या चौकोनाची घाई होते. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

खिळ्यावरून रिंग काढली. टेपेच्या खोबणीत दाबून बसवली. बसताना ती टक् असा आवाज करते.

पगार वेळेवर झाला.

काही आठवड्यांनी फ्लॉप्यांचा दुसरा संच करताना मी साहेबांची फ्लॉपी उघडली. फाइलचं नाव होतं. आत काहीच नव्हतं. तोवर जुनं यंत्र ट्रकवर चढून गेलं होतं, आणि गावांत भरलेले मूळ कागद तर कधीच रद्दीत गेले होते. माहिती यंत्रात भरली की कागद रद्दीत, अशीच आमच्याकडची पद्धत. जागा कुठे होती?

इथवरची चूक सांगायला मी बसलेले नाही, हे लक्षात घ्या. चूक होते. तेव्हाच जाऊन सांगितलं असतं तर साहेब रागावले असते, डोकं धरून बसले असते, आणि उरल्यासुरल्या टिपणांवरून पुढच्या उन्हाळ्यापासून परत सुरुवात केली असती. ते सांगणं होतं एका जिन्याच्या अंतरावर. ते वर बसायचे, मी खाली.

मी काय केलं? नव्या पीसीवर टेपांचा कॅटलॉग नव्याने टाइप होत होता. त्यातून मी त्यांच्या टेपेची ओळ काढून टाकली. कागदावर खोडलं तर खोडलेलं दिसतं. इथे खालच्या ओळी आपल्या आपण वर सरकतात आणि जागा भरून निघते. जुना कॅटलॉग मी फाडला. त्याच महिन्यात मी विभागप्रमुख झाले.

आमच्या घरात पगार आणणारी मी पहिली बाई. वडील नांदेडकडून आलेले, वस्तीतल्या लोकांनी मला शिकवलं. नोकरी राखीव जागेवरची, त्यामुळे ऑफिसात काही नजरा माझी चूक शोधतच असायच्या. हे सगळं खरं आहे. पण हमीद साहेबांनी माझी चूक कधी शोधली नाही. म्हणून हे कारण मी इथे लावत नाही. लावलं तर ते आणखी एक खोटं होईल.

दीडेक वर्षाने साहेबांचा निबंध छापून आला, टेप असतानाच काढून ठेवलेल्या सरासऱ्यांवरून लिहिलेला. त्यांचं म्हणणं असं की उथळ विहिरी बुजवून ज्या खोल बोअरवेल पाडल्या जात आहेत, त्यांचं पाणी विहिरींपेक्षा वाईट आहे आणि दरसाल आणखी वाईट होत आहे. ज्यांनी बोअर पाडल्या त्यांना ते झोंबलं. आकडे बनावट आहेत अशी तक्रार आली. संस्थेने चौकशी समिती नेमली आणि साहेबांना सांगितलं, मूळ मोजमापं दाखवा.

ते हसत हसत जिना उतरून आले. "बाई, निकालो मेरा पानी."

मी कॅटलॉग उघडला. वरून खाली सावकाश बोट फिरवलं. माहीत असून. "दिसत नाही साहेब," मी म्हणाले.

समितीसमोर मला बोलावलं. तिघेजण, चहाचे कप, बिस्किटं. साहेब भिंतीकडच्या खुर्चीत. विचारलं गेलं, ही टेप तुमच्याकडे जमा झाली होती का?

"कॅटलॉगमध्ये नोंद नाही, सर."

हे वाक्य अक्षरशः खरं होतं. मी ते घरून तयार करून नेलं होतं.

साहेब माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता ते म्हणतील की ही बाई खोटं बोलते. मला ते चाललं असतं — खरंच सांगते, त्या क्षणी मला ते हवंही होतं. ते समितीकडे वळले. "बाई के पास नोंद नहीं है बोले तो... तो मैंच नहीं दिया होंगा. बाई की चीज इधर की उधर नहीं होती. मेरीच गलती."

कळलं ना तुम्हाला? माझ्यावर कुणी शंका घेतली नाही, कारण मी टापटीप होते. त्यांनी स्वतःवर घेतली.

निबंध मागे घेतला गेला. साहेबांना नोकरीवरून काढलं नाही, ग्रंथालयाशेजारच्या एका खोलीत बसवलं. कँटीनमध्ये विनोद चालायचा — हमीद साहेब विहिरी लॉजवर बसूनच मोजतात, खाली उतरायची गरज पडत नाही. एकदा राव हे म्हणाले तेव्हा टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले. फार नाही. पण हसले.

एखादा लेख हरवला तर पुन्हा लिहिता येतो. त्या वैशाखातलं त्या विहिरीचं पाणी पुन्हा कसं मोजणार? विहीर बुजली. ते वर्ष गेलं. गावं बोअरचंच पाणी पीत राहिली. ती पोरं आता बाप्ये झाली असतील.

आणि मी? मला आता ठिकठिकाणच्या संस्थांत व्याख्यानाला बोलावतात. विषय — संशोधनाची माहिती कशी जपावी. एकाहून जास्त प्रती ठेवा, वेगवेगळ्या इमारतींत ठेवा, मूळ कागद घाईने रद्दीत देऊ नका, आणि प्रत उघडून वाचल्याशिवाय खूण करू नका. पोरं वहीत उतरवून घेतात. एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, हे नियम तुम्हाला कसे सुचले?" मी म्हणाले, अनुभवातून.

अजून सांगायचं ते राहिलंच आहे. मी त्याच्या भोवती फिरते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

साहेब निवृत्त झाल्यावर एका ईदेला आम्ही ऑफिसचे चौघे त्यांच्या घरी गेलो. नारायणगुड्याच्या मागच्या गल्लीत घर. शीरखुर्मा आला. बेगम तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "पूरा घर उलटा-पुलटा कर के रक्खे. कौन सा टेप है की मा, ढूंढतेच रहते." साहेब ओशाळून हसले. टेप आपणच घरी आणून कुठेतरी ठेवली असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आतल्या खोलीत छतापर्यंत खोके होते — कागद, नकाशे, जुनी मासिकं, लग्नाच्या पत्रिका.

ते मला आत घेऊन गेले. "बाई, तुम्हारा दिमाग सलीके का है. बोलो, कैसा ढूंढना?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार अर्धं लोटलेलं. यापेक्षा सोपी वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती.

मी त्यांना पद्धत सांगितली.

एका वेळी एकच खोका उघडायचा. त्याला नंबर द्यायचा. आतली प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहायची, नुसतं वरवर चाळायचं नाही. पूर्ण पाहून झालं की झाकणावर खूण करायची. मी स्केचपेन मागून घेतला आणि पहिल्या खोक्यावर नंबर घालून दाखवला. साहेबांचा चेहरा उजळला. "हौ, हौ. देखे बगैर निशान नक्को. तुम्हारे दरवाजे पे लिखा था ना!"

टेप मी पुसली. नोंद मी काढली. समितीपुढे ते वाक्य मी म्हटलं. या सगळ्याला भीती म्हणता येईल. पण जे नाही हे मला माहीत होतं, ते शोधायची पद्धत एका म्हाताऱ्या माणसाला नीट समजावून सांगणं — याला काय म्हणायचं? 

त्यानंतरही ईदेला मी जात राहिले. खुणा वाढत होत्या. ते मला दाखवायचे, मी मान डोलवायची.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. काही दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला — आंटी, अब्बांचं सामान तुमच्याच पद्धतीने लावलेलं आहे, एकदा येऊन बघता का, मग रद्दीवाल्याला बोलवू. मी गेले. खोके ओळीने रचलेले, नंबर बाहेरच्या बाजूला. प्रत्येक झाकणावर त्यांच्या थरथरत्या हाताची खूण. खिडकीखालच्या एका खोक्यावर तेवढी नव्हती.

मी जमिनीवर बसले आणि तो उघडला. विजेची बिलं, एक नकाशा, मुलीची शाळेची प्रगतिपुस्तकं, रिकामी चष्म्याची पेटी. एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. पाकिटं उलटी करून पाहिली. तळाचा वर्तमानपत्राचा कागदसुद्धा उचलून पाहिला.

"कुछ मिला, आंटी?" मुलीने दारातून विचारलं.

"नहीं बेटा," मी म्हणाले, आणि झाकणावर खूण केली.