बोटभर कुलूप

दहा वर्षं मी सातारा-सांगलीतली फ्रँकिंग मशीन दुरुस्त करत फिरलो. बॅगेत स्क्रू कमी आणि किस्से जास्त साठले. चार मित्र जमले की एकेक बाहेर पडतो.

आधी मशीन समजून घ्या. पाकिटावर तिकिटाऐवजी लाल शिक्का उमटवणारं ते यंत्र. आत शिक्क्याचा ड्रम अडवून धरणारं बोटभर कुलूप. मोटर ते मागे ओढते, शिक्क्याचा ड्रम एक फेरा घेतो, मोटर कुलूप परत बसवते. कुलूप अडलं की ऑफिसचं टपाल अडलं. आणि मग मला फोन!

*

साताऱ्यातल्या एका बँकेतले हेडक्लार्क मोठ्या अभिमानाने म्हणाले, "थप्पड मारली की चालतंय बघा!"

मी पाहिलं तर मोटरची वायर लूज. व्यवस्थित सोल्डर केली, चहा घेतला, निघालो.

दुसऱ्या दिवशी फोन. "काय केलंत हो? आता थप्पड मारली की बंद पडतंय!"

*

पाटणला वेगळीच तऱ्हा. मशीन सकाळी चालायचं, अकरा वाजले की मोटर नुसती गुणगुणायची. मीटर लावला, तर व्होल्टेज पार खाली. शेजारीच पिठाची गिरणी!

ऑफिसच्या शिपायाने खिडकीतून हाक मारली, "मावशे, धा मिनटं गिरण बंद ठेव. सरकारी टपाल हाय!"

गिरणीवाल्या मावशी पिठाळलेल्या हातांनी दारात आल्या. "सरकारला इचार, भाकरी खातंय का टपाल!"

शेवटी मी स्टॅबिलायझर बसवला. मावशींशी वाद घालायची माझी तरी छाती नव्हती.

*

इस्लामपूरच्या साखर कारखान्यात कुलूप पुरतं बसायचं, तरी मोटर थांबायची नाही. कुलूप बसल्याचं तिला कळवणारा सेन्सर उघडला, तर त्यावर मुंग्यांची रांग!

"मशीनवर साखर कुणी सांडली?" मी विचारलं.

क्लार्क शांतपणे म्हणाला, "साहेब, हितं कशावर सांडली न्हाई ते इचारा!"

*

आता सांगलीचा. एका कंपनीत नोकरीच्या मुलाखतीची तीनशे पत्रं पाचच्या टपालाने जायची होती. चार वाजता कुलूप अडकलं. मी धावत पोचलो, तर टपाल बघणाऱ्या शिंदेबाई घामाघूम. मॅनेजर ओरडत होते, "तुम्हीच बिघडवलंत! आत्ता मेमो देतो!" सगळ्या ऑफिससमोर. बाईंचे डोळे भरले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

मी मागचं झाकण काढलं. मोटर ठणठणीत. तीनदा जोर लावायची आणि थांबायची. मी छातीठोकपणे सांगितलं, "कुलूप वाकलंय. पुण्याला न्यावं लागेल."

बाईंनी मशीनला कान लावला. "आवं, ही नुसती एकाच बाजूला रेटतीया. जरा उलटी फिरवून बघा की."

मला हे सुचायला हवं होतं! मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, बटण दाबलं. कुलूप उलट्या बाजूला सरकलं आणि फटीतून काहीतरी टणकन टेबलावर पडलं. पेनाचं सोनेरी टोपण.

सगळ्यांच्या नजरा मॅनेजरच्या केबिनकडे वळल्या. तसं पेन एकाच माणसाकडे होतं.

वायरी पुन्हा जागेवर लावल्या. शिंदेबाईंनी तीनशेच्या तीनशे पत्रांवर शिक्के मारले, पोतं शिपायाकडे दिलं. पाचला दहा कमी होते. मग टोपण पदराला पुसून त्या केबिनमध्ये गेल्या आणि ते टेबलावर ठेवलं.

"साहेब, मेमोवर नाव कुणाचं घालताय?"