सेफ्टीवाले भाऊजी आणि पाण्यावरचं गाव

"आग लागली तर इथून बाहेर कुठून पडायचं?"

आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा भाऊजींनी उंबऱ्यातच हा प्रश्न विचारला. मी पुऱ्या तळत होते. माझा नवरा म्हणाला, "याच दारातून." भाऊजी म्हणाले, "आणि याच दाराला लागली तर?" मग दोघं मिळून स्वयंपाकघराची खिडकी उघडते का ते बघायला आले. ती उघडत नव्हती. भाऊजींनी खिशातून पाना काढून ती उघडून दिली, मग हात धुतले आणि पानावर बसले. माणूस जेवायला येताना खिशात पाना घेऊन येतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कतारला, दोह्याच्या मुऐदर भागात, एका व्हिलाचे मालकाने भिंती घालून तुकडे केले होते. खाली आम्ही, वर ते. ते आणि त्यांची बायको दोघंही सांगोल्याकडचे. बायकोला मी पहिल्या दिवसापासून ताई म्हणायला लागले, म्हणून ते भाऊजी झाले. वर्ल्ड कपसाठी एक स्टेडियम उभं राहत होतं, तिथे ते सेफ्टी ऑफिसर होते. कामावर रोज सकाळी मजुरांना गोळा करून आज काय काय पडू शकतं, कापू शकतं, भाजू शकतं हे समजावून सांगायचं. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. फरक एवढाच की आमचे भाऊजी ऑफिस सुटल्यावरही थांबत नसत. आमच्या सोसायटीवजा व्हिलात मोदक करायला बायका जमल्या तेव्हाही त्यांनी उकडपात्राच्या वाफेवर आमचा छोटा वर्ग घेतला होता. मोदक त्यात गार झाले.

ताईंचं एकच मागणं होतं. त्यांना व्हेनिस बघायचं होतं.

"रस्त्याच्या जागी पाणी हाय म्हणं त्या गावात," त्या मला सांगायच्या. "आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर यायचा. त्याच्यामागं पळण्यात माझं लहानपण गेलं. लग्न करून आले ती या वाळूत. एकदा त्या गावात जाऊन बोटीत बसायचंय बघ मला. बाकी काय नको."

भाऊजींनी कधी नाही म्हटलं नाही. ते फक्त म्हणायचे, "जाऊ. पण तयारीनं जाऊ." आणि त्यांची तयारी संपता संपत नसे. एका वर्षी व्हेनिसला पूर आल्याचं टीव्हीवर दाखवलं, म्हणून राहिलं. पुढच्या वर्षी तिकडच्या रेल्वेवाल्यांचा संप होता. मग करोना आला आणि भाऊजींना जणू आपलं म्हणणं साऱ्या जगाने मान्य केल्यासारखं वाटलं. तोवर स्टेडियम उभं राहिलं, खुर्च्याही बसल्या, आणि कामावरची माणसं एकेक करून घरी पाठवायला सुरुवात झाली. भाऊजींचाही नंबर लागणार हे दिसत होतं. ताई मला म्हणाल्या, "आता न्हाई तर कधीच न्हाई. एकदा गावाला गेलो की सासूबाईंचे गुडघे, डाळिंबाची बाग, भाच्यांची लग्नं. तिथनं कोण सोडतंय मला इटलीला?"

तेव्हा मीच पुढाकार घेतला. माझ्या मुलाच्या आणि त्यांच्या मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की दोन्ही घरांनी मिळून जायचं, असं भाऊजींना सांगून टाकलं. सोबत आणखी माणसं आहेत म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला. हेडकाऊंट करायला त्यांना मोठा गट लागायचाच.

मग सुरू झालं आमचं प्रशिक्षण.

भाऊजींचा सिद्धांत असा होता की कतारने आपल्याला बिघडवलंय. तसं ते खरंच होतं. इथे करक म्हणतात तो कडक चहा घ्यायला माणूस उतरतो तो गाडी चालू, एसी चालू, दार उघडं ठेवून. मॉलमध्ये जागा धरायची तर टेबलावर मोबाइल ठेवायचा, नाहीतर पर्स, आणि खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. परत येईपर्यंत ती जागची हलत नाही. "ही सवय रोममध्ये आपल्याला खाणार," भाऊजी म्हणायचे. "तिथले खिसेकापू म्हणजे कलाकार. एक तुमच्या शर्टावर आइस्क्रीम सांडतो, दुसरा पुसायला येतो, तिसरा पाकीट घेऊन खलास."

दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, व्हिलाच्या अंगणात सराव व्हायचा. माझ्या नवऱ्याला चोराची भूमिका मिळाली. तो मागून येऊन आमच्या पर्सवर हात टाकायचा आणि आम्ही ओरडायचं. भाऊजी शिट्टी गळ्यात घालून उभे राहायचे. त्यांची मुलगी सगळा वेळ पायरीवर बसून फोन बघत असे. "बाबा, नोबडी वॉन्ट्स टु स्टील अवर चपाती," एवढंच ती म्हणाली. एका शुक्रवारी भाऊजी लक्ष विचलित करण्याच्या पद्धती समजावत असताना नवरा म्हणाला, "भाऊजी, खिचडी झालीय, जरा मीठ बघता का?" भाऊजी वळले आणि त्यांचा फोन गेला. त्यांनी तो प्रकार मान्य केला नाही. घरातला माणूस चोर धरायचा नाही, असा नियम त्यांनी त्याच जागी केला.

पासपोर्टसाठी ताईंनी भाऊजींच्या बनियनला आतून कप्पा शिवला आणि सगळ्यांचे पासपोर्ट त्यात गेले. कल्पना उत्तम होती. रोमच्या विमानतळावर तपासनिसाने पासपोर्ट मागितला तेव्हा भाऊजी शर्टाची बटणं काढायला लागले. तो बिचारा उठून उभा राहिला. आम्ही मागे रांगेत होतो आणि मी आपली छताकडे बघत होते.

तरी रोम नीट पार पडलं. जिथे जाऊ तिथे भाऊजी आधी असेंब्ली पॉइंट ठरवायचे, म्हणजे चुकामूक झाली तर सगळ्यांनी जमायची जागा. पुतळा असेल तर पुतळा, कारंजं असेल तर कारंजं. पाठीवर त्यांची इमर्जन्सी बॅग असे. तिला त्यांनी साइटवरची चमकणारी नारिंगी पट्टी चिकटवली होती. आत बॅटरी, दोरी, चार्जरांच्या वायरींचं भेंडोळं, मलमपट्टी आणि ताईंनी दिलेला चपाती-चटणीचा स्टीलचा डबा. लोक उन्हाने हैराण होऊन टोप्यांनी वारा घेत होते. आम्ही जुलैतल्या दोह्यातून आलेलो, आम्हाला ती थंड हवेची जागा वाटत होती.

शेवटच्या दिवशी आम्ही व्हेनिसला पोचलो. संध्याकाळची परतीची गाडी होती.

स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर रस्ता नाहीच, पाणीच. ताई पायऱ्यांवर उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून नुसतं बघत राहिल्या. भाऊजी मात्र बोटींकडे बघत होते.

"लाइफ जॅकेट नाही," ते म्हणाले. "कठडा नाही. आणि चालवणारा उभा आहे."

मोठी प्रवासी बोट आली तर तिच्यात माणसं फार. ओव्हरलोडिंग. मग आम्ही चाललो. त्या गावात जेवढे पूल आहेत त्यातले बहुतेक आम्ही त्या दिवशी चढलो आणि उतरलो. प्रत्येक पुलावर ताई थोडं थांबायच्या, खालून जाणाऱ्या बोटीकडे बघायच्या आणि पुन्हा चालायला लागायच्या. "राहू दे गं," मला म्हणाल्या. "डोळ्यानं बघितलं की. बसलं काय आन् न बसलं काय." दुपार कलली तशी मला भाऊजींची चीड यायला लागली आणि मी ती लपवली नाही.

"भाऊजी, इतकी वर्षं ताईंनी एकच गोष्ट मागितली. एकदा बसू द्या ना त्यांना."

ते थांबले. नेहमीचं भाषण येईल असं वाटलं, पण आवाज खाली आला. "वहिनी, मला पोहता येत नाही. तिला येत नाही, पोरीला येत नाही. साइटवर कोणी पडलं तर खाली जाळी असते, ती मी स्वतः बांधून घेतो. इथं कोणी पडलं तर मी काय करू? काठावर उभा राहून शिट्टी वाजवू?"

राग गेला नाही, पण त्यांची दयाही आली.

पाय दुखायला लागले म्हणून एका चौकात चहा-कॉफीच्या दुकानापाशी थांबलो. बाहेरचं एकच टेबल रिकामं होतं. भाऊजींनी पाठीवरची बॅग काढली, खुर्चीवर ठेवली आणि सगळे आत गेलो. कोणाच्याही मनात काही आलं नाही. मी त्या घटनेचा नंतर पुष्कळ विचार केला आहे. आम्ही सहाच्या सहा जणांनी ते पाहिलं होतं, माझ्या मुलानेसुद्धा, आणि आम्हाला सगळ्यांना ते अगदी बरोबर वाटलं होतं. शुक्रवारी मॉलमध्ये गेल्यासारखं.

ताईंचा गुरुवार होता. म्हणून कुठल्या केकमध्ये अंडं नाही याची चौकशी भाऊजी काउंटरवर करत होते. हाताने अंड्याचा आकार करून झाला, कोंबडीचा आवाज काढून झाला. एवढ्यात दुकानाचा माणूस घाईघाईने आला आणि सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर काढायला लागला. गल्लीतून वळून चौकाच्या कडेला आलो तर तिथे पोलीस होते. माणसांना मागे सारत त्यांनी दोन खांबांना पट्टी बांधली.

भाऊजी खूश झाले. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात इव्हॅक्युएशन. ना आरडाओरडा, ना चेंगराचेंगरी." त्यांना राहवेना. शिट्टी फुंकत ते पर्यटकांना मागे घ्यायला लागले. "यल्ला, यल्ला, मूव, मूव, नो फोटो." लोकही निमूट ऐकत होते. एका पोलिसाने त्यांच्याकडे बघून मान हलवली, बहुधा आभार म्हणून. भाऊजींनी आमचा हेडकाऊंट घेतला. सगळे होतो.

"काय झालंय तरी काय?" मी विचारलं.

"बेवारस वस्तू असणार," भाऊजी म्हणाले. "कुणीतरी बेजबाबदार माणूस ठेवून गेला असेल. अशा माणसांना आत टाकलं पाहिजे."

त्यांच्या मुलीने त्या दिवशी पहिल्यांदाच फोनमधून डोकं वर काढलं. "बाबा, दॅट्स अवर बॅग."

"कुठली?"

"द वन विथ युवर ऑरेंज टेप."

चौकाच्या मध्ये, रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटीच, ती चमकत होती. भाऊजींच्या हातातून शिट्टी सुटली आणि गळ्यातल्या दोरीला लोंबायला लागली. माझा नवरा हसू दाबायला पाठमोरा झाला. मी हसले नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कोणालाच हसता आलं नसतं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ते पट्टीकडे चालायला लागले.

"माय बॅग," ते म्हणत होते. "माय मिस्टेक. आय ॲम सेफ्टी ऑफिसर."

पोलिसांना त्यातलं शेवटचं वाक्य अजिबात आवडलं नाही. बॅग का ठेवली, असं त्यांनी परत परत विचारलं. टेबल धरायला, असं भाऊजींनी परत परत सांगितलं. "इन कतार, बॅग पुट, टेबल फिक्स." डबा उघडला गेला. पोलिसाने लाल चटणीला नाक लावलं आणि त्याला ज्या शिंका सुरू झाल्या त्या काही थांबेनात. अखेर जबाब लिहून द्यायला चौकीवर चला, असं त्यांनी सांगितलं. चौकी लांब होती आणि त्या गावात पोलिसांची गाडी म्हणजे बोटच.

भाऊजींना एकट्याला नेणार होते. ताई पुढे आल्या आणि त्यांनी भाऊजींचा हात धरला. पोलिसांना मराठीत सांगितलं, "मी पण येणार. कुठं न्यायचं तिथं न्या." त्या पोलिसाने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा शिंकणाऱ्या सोबत्याकडे, आणि आम्हा सगळ्यांनाच बोटीत बसायची खूण केली. आसनाखालून त्याने लाइफ जॅकेट काढली आणि एकेकाला घालून दिली. भाऊजींनी स्वतःच्या हाताने ताईंच्या जॅकेटचे पट्टे आवळले.

बोट निघाली. पुलांवरची माणसं वाकून आमचे फोटो काढत होती. एवढं अख्खं कुटुंब कशात पकडलं असेल, याचा अंदाज बांधत असतील. ताई काठाला बसल्या होत्या. त्यांनी हळूच हात बाहेर काढला आणि पाण्यात बोटं बुडवली. "हात आत घे" असं भाऊजी म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत. पकडून नेलेल्या माणसाला कसली सूचना करायचा हक्क राहत नाही, असं त्यांचं झालं असावं. चौकीवर त्यांना खडसावून, समज देऊन सोडलं. संध्याकाळची परतीची गाडीही मिळाली.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचं काम संपल्याचं कळलं. आपल्या हाताने सुरक्षित केलेल्या स्टेडियममध्ये एकही मॅच न बघता ते गावी परत गेले. वर्ल्ड कप आला तेव्हा वरचा मजला रिकामा होता. रात्री चौथ्या गल्लीतून गोलाचा आरडाओरडा ऐकू यायचा आणि वरून मात्र कोणी "बाल्कनीत गर्दी करू नका" म्हणायचं नाही. मला ते फार जाणवायचं.

जायच्या आदल्या दिवशी ताई मला तुळशीची कुंडी द्यायला खाली आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "ताई, शेवटी बोटीत बसलात. कसं वाटलं?"

"पाणी काय गं, पाण्यासारखंच असतंय," त्या म्हणाल्या. "पण त्या बोटीत हे माझ्याशेजारी नुसते बसले होते. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा."