बोटीच्या शिध्यातली तंबाखू

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे आमच्या घरात कुणाचं काम नव्हतं. माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही, आणि मीसुद्धा अर्थशास्त्र जेमतेम पचवलेला विद्यार्थी. सरकारने तंबाखूवर कर वाढवावा का, त्याने माणसं वाचतात का, यावर बोलणारे जाणते लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यामध्ये मी का बोलावं, हा प्रश्न मलाही पडतो. पण मी जे पाहिलं ते त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नसेल असं वाटतं, म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आम्ही सातपाटीचे. बाबा बोटीवर खलाशी होते. बोट आईच्या चुलतभावाची. तोच तिच्यावर तांडेल, म्हणजे बोट नेणारा मुख्य माणूस. मी त्याला मामा म्हणायचो.

मी पालघरच्या कॉलेजात होतो त्या काळातली गोष्ट. दिवाळीनंतर बाबांनी तिखट सोडलं. आईने बोंबलाचं कालवण केलं की ते ताट सारायचे आणि पेजेत मीठ घालून प्यायचे. विचारलं की म्हणायचे, "दाढ दुकते." एके दिवशी आईने त्यांना अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि आत पाहिलं. डाव्या गालाच्या आत, जिथे ते तंबाखूची चिमूट धरायचे तिथे, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मध्ये लाल जखम.

पालघरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं. मग बाबांना तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. "तंबाखू आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले, "आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखवा. उशीर करू नका." बाबांनी मान हलवली. एसटी स्टँडवर आल्यावर त्यांनी कनवटीची तंबाखूची चंची काढली. मी बघत राहिलो तसे म्हणाले, "आजचा दिस अजून सरला कुठं?"

त्यानंतर आम्ही काय काय केलं ते सांगायला नको. आईने चंची खाडीत टाकली, शपथा घातल्या, खिशात बडीशेप भरून दिली. मी रागावलो, रडलोही. बाबा ऐकून घ्यायचे. एकदाच म्हणाले, "जाळं सोडून बसलो की डोळा लागतो रं. बोटीवर डोळा लागला तर मानूस जातो." मुंबईचं काढलं की म्हणायचे, "पावसाळा लागू दे, बोट वर काढली की जाऊ."

त्याच दिवसांत आमच्या सरांनी वर्गात कर हा विषय घेतला. एखाद्या वस्तूवर कर वाढला की ती महाग होते, महाग झाली की खप घटतो, हे पुस्तकातलं झालं. मग त्यांनी उदाहरण तंबाखूचं दिलं. सरकार कर लावतं ते तिजोरीसाठी, पण त्यात आरोग्याचंही काम होतं. हजार वेळा समजावून जो सोडत नाही तो भाव वाढल्यावर कमी करतो, असं ते म्हणाले. बाकीची मुलं लिहून घेत होती. माझ्या हातातलं पेन थांबलं होतं. मला वाटलं, आई हरली, डॉक्टर हरले, पण हा एक उपाय अजून शिल्लक आहे.

फेब्रुवारी सरताना बजेटच्या संध्याकाळी बंदरावरच्या चहाच्या टपरीत रेडिओभोवती माणसं जमली. सगळे डिझेलसाठी कान देऊन होते, मी तंबाखूसाठी. तंबाखूचं नाव आलं आणि एक जण म्हणाला, "घ्या, आता थुकायला पन टॅक्स." सगळे हसले. मी खाली मान घालून चहा प्यायलो, कारण मला आनंद झाला होता आणि तो दिसू द्यायचा नव्हता. दुकानदारानं मालाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी भाव चढवला.

सर म्हणाले होते की बाहेर जाऊन विचारा, तेव्हा कळेल. म्हणून मी बोईसरला गेलो. तारापूरच्या कारखान्यांतली पाळी सुटण्याच्या वेळी एका पानटपरीपाशी उभा राहिलो. टपरीवाला म्हणाला, "पूरा पाकीट अब कौन लेता है, भाई? सब एक-एक माँगते हैं." एक कामगार अर्धी विडी विझवून कानावर ठेवत होता. त्याचा जोडीदार मोकळ्या हाताने उभा होता. मी विचारल्यावर तो जरा लाजून म्हणाला, "छोड़ दी. घर पैसा भेजना पड़ता है." सातपाटीला परतेपर्यंत त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता.

घरीही तेच दिसलं. आई सकाळी मशेरी लावायची, तव्यावर तंबाखू भाजून केलेली. तिने तंबाखू निम्मी आणायला सुरुवात केली, आणि भाजताना कुरकुर केली तरी निम्म्यावर भागवलं. बाबांचं मात्र काहीच बदललं नाही. नवी चंचीही पहिलीसारखीच फुगलेली. पुन्हा डॉक्टरकडे नेलं तर दुसरं बोटही ओढून घालावं लागत होतं.

मी आईला विचारलं, "तू कमी केलीस, मग बाबा का नाही करत? त्यांना भाव दिसत नाही का?"

आई मला वेड्यात काढल्यासारखी बघत राहिली. "माजी मी मासळीच्या पाटीच्या पैशातून इकत घेते. त्याला कुठं घ्यावी लागते? त्याला बोट देते."

हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं. आमच्याकडे बोट समुद्रात जाताना शिधा भरतात. डिझेल आणि बर्फाबरोबर तांदूळ, चहा, साखर, मिरची येते, आणि त्यातच तंबाखूचा पुडा आणि चुना. मासळी विकली की आधी हा सगळा खर्च वजा होतो आणि उरलेल्याचे वाटे पडतात. सरकारने वाढवलेला भाव असा सगळ्यांत वाटला जायचा. जो खात नाही तोही भरायचा, जो खातो त्याला कळायचंही नाही. सरांचा नियम बोईसरपर्यंत नीट चालत आला आणि आमच्या बोटीच्या शिध्यात बुडाला.

बोट आली त्या दिवशी मी किनाऱ्यावर मामाला गाठलं. म्हटलं, "मामा, शिध्यातून तंबाखू काढा. ज्याची त्याने आणावी."

मामा जाळी उतरवत होता. "कॉलेजात आता बोट चालवायला शिकवतात काय रं?"

"उद्या म्हनेल चा पन बंद," बाबांच्या जोडीचा खलाशी म्हणाला.

"चहा राहू द्या. फक्त तंबाखू."

"आनि एकाद्याची मधीच संपली तर?" तोच खलाशी म्हणाला. "पापलेटकडं मागंल काय तो?"

सगळे हसले. बाबाही हसले, एका बाजूने, कारण दुसरी बाजू हलत नव्हती. आई टोपलीत मासळी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दादा, डाक्टरनी त्याला तीन बोटं घालायला सांगितली. दोन पन जात नायत आता. तू खुशाल शिधा भर."

हसणं थांबलं. मामाने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरं. पुढच्या खेपेपासून शिध्यात तंबाखू नाय."

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते मला अजून आठवतं. बाबांनी स्वतःच्या पैशाने एकदा तंबाखू आणली, भाव ऐकून दुकानदाराशी भांडले, आणि ती संपल्यावर पुन्हा आणली नाही. चंची खुंटीला रिकामी लटकत होती. आईने मिरची न घालता कालवण केलं, ते बाबांनी चाखत चाखत खाल्लं. मी सरांना सांगितलं. त्यांनी मला वर्गासमोर उभं करून सगळं सांगायला लावलं.

पुढे काही दिवसांनी मासळी उतरवायला मी बंदरावर गेलो. बोट किनाऱ्याला लागत होती. बाबा मागच्या बाजूला बसले होते. त्यांच्या जोडीचा तो चेष्टेखोर खलाशी तंबाखू मळत होता. त्याने थाप मारून धूळ उडवली आणि स्वतः घेण्याआधी बाबांच्या हातावर चिमूट ठेवली. बाबांनी मागितली नव्हती. जरा वेळाने दुसऱ्याने ठेवली, मग मामानेही. शिध्याची तंबाखू होती तेव्हा जो तो आपली मळायचा. आता बाबांकडे नव्हती, म्हणून त्यांना सगळे देत होते.

"मामा, तुम्हीपण?" मी विचारलं.

"शिध्यातून काढ म्हनालास, काढली," मामा म्हणाला. "पन समोर बसलेल्याला रिकामा ठेवून आपन तोंडात टाकायची, असं आमच्या बोटीवर कदी झालं नाय. आनि होनार नाय."

घरी येताना बाबा म्हणाले, "सगली मायेनं देतात. कुनाला नाय म्हनू?"

त्यांचा हात मी धरला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "भाव वाढायलाच हवा. पण तुझ्या वडिलांना तेवढ्याने पुरायचं नाही." मला आजही तेच वाटतं. बोईसरच्या त्या मोकळ्या हाताच्या माणसाला मी विसरलेलो नाही.

परीक्षा झाल्यावर मी बोईसरच्या एका कारखान्यात हंगामी कामाला लागलो. मुंबईला जायचं तर हाताशी काही हवं होतं. पाळीमुळे तिथेच खोलीवर राहायचो. आमच्या आळीतली एक काकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात यायची, तिच्याकडून घरचं कळायचं. ती दिसली की मी आधी एकच विचारायचो, "सोडली का?" ती म्हणायची, "नाय रं पोरा." आणि मला एखादा बांगडा कागदात बांधून द्यायची.

मेच्या अखेरीस, बोटी वर काढायच्या आधी, ती बाजाराऐवजी थेट माझ्या खोलीच्या दाराशी आली. टोपली डोक्यावरच होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "सोडली त्यानं तंबाखू."

मी हसलो असेन. मी विचारलं, "कुणी समजावलं?"

"कुनी नाय." तिने टोपली उतरवून खाली ठेवली. "परवापासून चिमूट आत जात नाय. तोंडच उगडत नाय त्याचं. तुजी आय चमच्यानं पेज सोडते, ती पन भायेर येते. तांडेलानं सांगितलंय, बोट वर काढायची वाट बघू नको. आजच ये."